आजी बैठकीला का येत नाही? घरातल्या वृद्धांचा छळ ओळखू या, थांबवू या



तुमच्या गटाच्या गेल्या चार-पाच बैठका आठवून बघा. पूर्वी दर आठवड्याला सगळ्यांच्या आधी सतरंजीवर येऊन बसणारी एखादी आजी हल्ली येत नाही, असं झालं आहे का? विचारलं की घरातून उत्तर येतं, "तिला आता चालवत नाही, तिची बचत आम्हीच भरतो." बचत वेळेवर जमा होते, वहीत खाडाखोड नसते, मग आपणही पुढं काही विचारत नाही.

पुष्कळदा कारण खरंच गुडघ्याचं असतं. पण कधी त्या आजीचा चष्मा फुटून तीन महिने झालेले असतात आणि कुणी तो करून आणलेला नसतो. कधी तिच्या श्रावणबाळच्या पगाराचे पैसे तिला न सांगता उचललेले असतात. कधी तिच्या नावावर गटातून कर्ज काढलेलं असतं आणि रक्कम किती, हे तिला माहीतही नसतं. हे सगळं छळातच मोडतं. तो आपल्या भावकीत होतो, शेजारी होतो, कधी आपल्याच घरात होतो. म्हणून या वेळी यावर मोकळेपणानं बोलू या.

छळ म्हणजे फक्त मारहाण नाही

"आमच्या गावात असलं काही नाही, म्हाताऱ्या माणसांवर कुणी हात उचलत नाही," असं आपण म्हणतो. पण मारहाण हा छळाचा एकच प्रकार झाला. बाकीचे प्रकार रोजच्या जगण्यात इतके मिसळलेले असतात की ते छळ वाटतच नाहीत.

पहिला शारीरिक. मारणं, ढकलणं, खोलीत कोंडून ठेवणं, खाटेला बांधून ठेवणं, गप्प पडून राहावं म्हणून जास्त गोळ्या देणं.

दुसरा मानसिक. "मरत पण नाही" असं बोलणं, नातवंडांना जवळ जाऊ न देणं, फोन काढून घेणं, पाहुण्यांसमोर येऊ न देणं, "आश्रमात टाकीन" अशी सतत धमकी देणं, महिनोन्‌महिने न बोलणं.

तिसरा पैशाचा. पासबुक, एटीएम कार्ड काढून घेणं. कशावर अंगठा घेतोय ते न सांगता अंगठा घेणं. डोरलं, पाटल्या मोडून टाकणं. फसवून जमीन नावावर करून घेणं.

चौथा हेळसांड. वेळेवर जेवण न देणं, रक्तदाबाची गोळी संपली तरी न आणणं, अंथरूण ओलं झालं तरी न बदलणं. काही घरांत रात्री उठवावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळनंतर पाणीच कमी देतात. उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं.

पाचवा लैंगिक. यावर कुणी बोलत नाही, पण वय झालं म्हणून बाई यातून सुटते असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या आणि विसर पडलेल्या बायकांना याचा धोका जास्त असतो.

हे किती घडतं? जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून सांगितलं आहे की साठी ओलांडलेल्या दर सहा माणसांपैकी साधारण एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं मोठी पाहणी केली. तिच्यात साठीच्या पुढच्या साधारण पाच टक्के लोकांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाली. म्हणजे वीस जणांत एक. आता विचार करा, घरी आलेल्या परक्या माणसाला कुठली आई सांगेल की माझा मुलगा मला जेवायला देत नाही? जे सांगितलं जात नाही, ते या आकड्यांत येत नाही.

हे का घडतं?

"आजकालची पोरंच वाईट", "आजकालच्या सुनाच तसल्या" असं म्हटलं की विषय संपतो, पण छळ संपत नाही. कुठल्या घरात धोका जास्त, हे ओळखता आलं तर वेळेवर काहीतरी करता येतं.

एक, शरीराचं परावलंबन. स्वतः उठता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी अवस्था आली की माणूस दुसऱ्याच्या हातात जातो. त्यातही विस्मरणाचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, असेल तर धोका फार वाढतो. आजी जेवून उठते आणि पाच मिनिटांत म्हणते, "मला कुणी जेवायला दिलं नाही." सुनेला वाटतं, ही गावभर माझी बदनामी करते. खरं तर तो मेंदूचा आजार असतो. "म्हातारचळ लागलाय" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवलं, तर निम्मी भांडणं तिथंच थांबू शकतात.

दोन, पैशाचं परावलंबन, आणि तेही उलट बाजूनं. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं मुलांवर अवलंबून असतात. पण छळ होणाऱ्या अनेक घरांत मुलगाच आईवर अवलंबून असतो. घर तिच्या नावावर, जमीन तिच्या नावावर, महिन्याचा पगार तिच्या खात्यात, आणि मुलाला काम नाही किंवा कामाला जायची इच्छा नाही. त्यात दारू असेल तर पैशासाठी आधी गोड बोलणं, मग शिव्या आणि मग हात उचलणं, हा क्रम ठरलेला.

तीन, बाई असणं आणि विधवा असणं. बायका जास्त जगतात आणि नवरा वयानं मोठा असतो, त्यामुळं म्हातारपणी एकट्या राहण्याची वेळ बायकांवरच जास्त येते. नवरा गेला की वारस नोंदीच्या वेळी "आई, तुला काय करायची जमीन, सही कर" असं म्हणून हक्कसोडपत्र करून घेतात. तिचं नाव सातबाऱ्यावरून गेलं की घरातला तिच्या शब्दाचा मानही हळूहळू जातो.

चार, एकटं पडणं. जिच्याकडं कुणी येत नाही, जी कुठं जात नाही, तिच्याशी कसंही वागलं तरी विचारणारं कुणी नसतं. बैठकीला न येणारी आजी आपल्या लक्षात यायला हवी ती यासाठीच.

पाच, सांभाळणारीची दमछाक. याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. घरात आजारी सासू किंवा सासरे असले की करायचं सगळं सुनेला. शेतातली मजुरी, दोन वेळचा स्वयंपाक, पोरांची शाळा आणि रात्री तीन वेळा उठून सासूला न्यायचं. वर्षानुवर्षं एक दिवस सुट्टी नाही. नवरा म्हणतो, "आईकडं लक्ष दे," पण स्वतः पाण्याचा तांब्या देत नाही. नणंद सणाला येते, दोन दिवस राहते आणि चुका काढून जाते. अशा बाईच्या तोंडून वाकडा शब्द जातो, एखाद्या दिवशी हात उठतो. ते चूकच. पण तिला नुसती नावं ठेवून काही बदलणार नाही. तिच्या कामात वाटा उचलणारं कुणीतरी मिळालं, तर बदलेल.

सहा, जुना हिशोब. जिनं तरुणपणी सासुरवास सोसला, तिच्या मनात तो राहतो. सासू अंथरुणाला खिळली की तो बाहेर येतो. हे आपण एकमेकींना सांगणार नाही, पण मनात तपासून बघायला हरकत नाही. आपण जे वागतो ते आपली सून, आपली मुलं बघत असतात, हेही लक्षात ठेवा.

सात, स्थलांतर. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाच-सहा महिन्यांनी परत येतात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. सत्तरीची आजी स्वतःचं बघू शकत नाही आणि तिच्यावर दोन पोरांची जबाबदारी. इथं कुणाची नियत वाईट नसते, पोटासाठी जावंच लागतं. तरी हेळसांड ती हेळसांडच. ती थांबवायची तर मागं राहिलेल्या शेजाऱ्यांनी आणि गटानं लक्ष द्यायला लागतं.

ही कारणं सांगितली म्हणजे छळाला माफी दिली असं नव्हे. घर दमलेलं असो की कर्जात असो, म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवायचा हक्क कुणाला नाही.

आधी आपली वही तपासू या

पैशाचा छळ ओळखायला आणि रोखायला आपल्या गटाइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. तसंच, आपण डोळेझाक केली तर तो आपल्या गटातूनच होऊ शकतो. म्हणून हे नियम पुढच्या बैठकीत ठरवून टाका.

ज्या सभासदाच्या नावानं कर्ज, ती स्वतः बैठकीत हजर पाहिजे. येता येत नसेल तर अध्यक्ष आणि सचिवांनी तिच्या घरी जायचं. रक्कम किती, हप्ता किती, कशासाठी, हे तिला मोठ्यानं सांगायचं आणि तिच्या तोंडून "हो" ऐकायचं. त्याआधी अंगठा घ्यायचा नाही. मुलानं किंवा सुनेनं आणलेल्या कोऱ्या अर्जावरचा अंगठा चालणार नाही, असं ठरावात लिहा.

साठीच्या पुढच्या सभासदांचं पासबुक तीन महिन्यांतून एकदा बैठकीत त्यांना वाचून दाखवा. आणि ज्या सख्या बँक सखी म्हणून काम करतात त्यांनी, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशिनवर ठेवला की किती पैसे निघाले ते त्यांनाच सांगायचं, पैसे त्यांच्याच हातात द्यायचे आणि पावतीही द्यायची. "काकू, किती काढायचेत तुम्हाला?" हा प्रश्न सोबत आलेल्या नातवाला विचारू नका, काकूंना विचारा.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार ज्येष्ठांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. रक्कम लहान वाटेल. पण आपल्या गोळ्या आपल्या पैशानं आणता येणं, नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येणं, यानं घरातलं स्थान टिकतं. म्हणून तो पैसा तिच्याच हातात राहायला पाहिजे.

कायदा काय सांगतो?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यासाठी २००७ साली कायदा झाला. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

१. वय ६० किंवा जास्त असलेली आणि स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसलेली व्यक्ती सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून चरितार्थाचा खर्च मागू शकते. मुलीचीही जबाबदारी आहे, हे लक्षात घ्या. आई-वडिलांना वयाची अट नाही. मूलबाळ नसेल तर ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसानं मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडून खर्च मागता येतो.

२. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. वकील लावावाच लागतो असं नाही.

३. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे. विशेष कारण असेल तर आणखी ३० दिवस. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत खर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. आदेश मोडला तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

४. ज्येष्ठ व्यक्तीला कुठंतरी नेऊन सोडून देणं, टाकून देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

५. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्रानं घर-जमीन दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे कलम २३ फार महत्त्वाचं आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं की हस्तांतर करताना अशी अट असायला पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता तिला परत द्यायला सांगितलं. तिथं मुलानं सांभाळण्याचं लेखी वचन दिलेलं होतं.

यातून आपण काय शिकायचं? एक तर जिवंतपणी सगळं नावावर करून द्यायची घाई नको. मृत्युपत्र करता येतं. ते आपल्या मागं लागू होतं आणि आपण असेपर्यंत बदलताही येतं. आणि बक्षीसपत्र करायचंच असेल तर "मला शेवटपर्यंत सांभाळायचं, राहायला जागा, जेवण आणि औषधपाणी द्यायचं" ही अट त्याच कागदात स्पष्ट लिहून घ्या. "पोटचा पोर आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं" असं वाटतं खरं. पण लिहिलेलं असलं तर वेळ आल्यावर दाद मागता येते.

याशिवाय, छळ सोसणारी आजी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाऊ शकते. तो कायदा फक्त सुनांसाठी नाही. घरातली आई, सासू, बहीण, सगळ्यांसाठी आहे. बायकांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

सख्यांनो, इथं एक शंका तुमच्या मनात आली असेल. या कायद्याचा आधार घेऊन सासू-सासरे सुनेला घराबाहेर काढतील का? सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा सासरच्या घरात राहण्याचा हक्क परस्पर बुडवता येणार नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घालून निर्णय घ्यायचा. म्हणजे सासूचं संरक्षण आणि सुनेचं संरक्षण एकमेकांच्या आड येत नाही. ज्या बाईला आज तिचा हक्क मिळतो, तिला उद्या म्हातारपणीही तो लागणारच आहे.

शंका आली तर काय करायचं?

आधी तिला एकटीला भेटा. मुलासमोर, सुनेसमोर विचारलं तर ती "माझं सगळं चांगलं आहे" असंच म्हणेल. हळदीकुंकवाला, देवळात, दवाखान्यात नेताना बोलता येतं. "तुम्हाला मारतात का?" असं एकदम विचारू नका. "गोळ्या कोण आणून देतं? पगार कोण काढतं? दुपारी जेवलात का?" असं विचारा. उत्तरातून बरंच कळतं.

लक्ष द्यायच्या खुणा: वजन उतरणं, अंगाला वास येणं, सांगता न येणारे वळ, पाठीला जखमा, घरातलं माणूस आलं की बोलणं थांबणं, दागिने नाहीसे होणं, खात्यातून एकदम मोठी रक्कम जाणं.

मग तिला काय हवं ते विचारा. बऱ्याच आयांना पोलीस नको असतात. पोरगा तुरुंगात जावा असं त्यांना वाटत नाही. त्यांना दोन वेळचं जेवण, औषध आणि घरात शांतता हवी असते. तिच्या मर्जीशिवाय गावभर बोभाटा केला तर आपण घरी गेल्यावर रात्री तिलाच सोसावं लागतं.

घरात दमछाक हेच कारण दिसत असेल तर सुनेशी मायेनं बोला. आठवड्यातून एक दिवस गटातल्या दोघी जाऊन आजीपाशी दोन तास बसल्या तरी तिला मोकळा श्वास मिळतो. तिच्या नवऱ्याला आणि दिरांना जबाबदारी वाटून घ्यायला सांगण्याचं काम ग्रामसंघाच्या सामाजिक कृती समितीनं करावं. एकट्या सुनेनं सांगितलं तर घरात भांडण होतं, दहा जणींनी सांगितलं तर ऐकावं लागतं. आशाताईंना सांगून रक्तदाब, साखर, डोळे तपासून घ्या.

बोलून भागत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत तिथं मोफत सल्ला आणि मदत मिळते. प्रांत कार्यालयात अर्ज करायला तिच्यासोबत जा. तिची इच्छा असेल तर जिल्ह्याचे समाजकल्याण अधिकारी न्यायाधिकरणासमोर तिची बाजू मांडू शकतात. आणि मारहाण चालू असेल, कोंडून ठेवलं असेल, जिवाला धोका असेल, तर थांबू नका. लगेच ११२ वर फोन करा.

दरवर्षी १५ जून हा दिवस जगभर वृद्धांच्या छळाविरुद्ध जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी ग्रामसंघाची खास बैठक जरूर घ्या. पण जूनची वाट बघू नका. या आठवड्याच्या बैठकीत हजेरी घेताना जी आजी आली नसेल, तिच्या नावापुढं गैरहजर लिहून थांबू नका. बैठक संपली की दोघीजणी तिच्या घरी जा, तिच्या शेजारी बसा आणि तिचं पासबुक तिला वाचून दाखवा.